सतरा गुणिले बत्तीस



मघाशी एकानं विचारलं, काहून बावा, लिनक्सचं कर्नल दुरुस्त करणं आपलं काम आहे काय? म्हणून आज सिद्धांत बाजूला ठेवतो. एक बिघाड सांगतो.

कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. मेमरी कोणाला, प्रोसेसर कोणाला, तारेवरून आलेलं पाकीट कोणाला, हे तो ठरवतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये लिनक्सचंच कर्नल आहे. मार्च २००९ मध्ये त्याची २.६.२९ ही आवृत्ती निघाली. तिच्या नेटवर्किंगच्या कोडमध्ये एक चूक शिरली आणि दहा वर्षं तशीच पडून राहिली. साऱ्या पंडितांच्या डोळ्यांदेखत!

टीसीपी माल तुकड्यांत धाडते. पलीकडचा संगणक कळवतो, तिसरा-चौथा पोचला, दुसरा नाही. या पोचपावतीला म्हणतात सॅक. मग इकडचं कर्नल पोचलेल्या तुकड्यांचा एक गठ्ठा बांधतं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या एका गाडीवर चढवतात, तसं. गठ्ठ्यात कप्पे सतरा. नेहमीच्या इंटेलच्या यंत्रावर एका कप्प्यात ३२ किलोबाइट. आणि तुकडे मोजायला सोळा बिटांचा रकाना. त्यात ६५,५३५ च्या वर आकडा मावत नाही.

आता कागद काढा. पलीकडचा बदमाश म्हणतो, मला लहानात लहान तुकडे धाड. कर्नल ४८ बाइटपर्यंत खाली यायचं. त्यातले ४० ऑप्शन्सनी खाल्ले की मालाला उरले ८. सतरा गुणिले ३२ किलोबाइट म्हणजे ५,५७,०५६ बाइट. भागिले आठ, ६९,६३२. रकाना ओसंडला! कर्नलला स्वतःचाच हिशेब जुळेना, आणि ते जागीच बसलं. पासवर्ड नको, काही नको, दूर बसून कोणीही सर्व्हर पाडावा.

नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनीनं हे पकडलं, एरिक डुमाझेनं दुरुस्ती लिहिली, १७ जून २०१९ ला जाहीर झाली. केवढी दुरुस्ती? मोजक्या ओळी. बांधण्याआधी बघायचं, एवढे तुकडे रकान्यात मावतील काय? नाही तर बांधू नको.

हा गुणाकार-भागाकार आपल्या पोरांना येत नाही काय?

येतो. अडतं दुसरीकडे. माझा पहिला पॅच तीनदा परत आला. ईमेल साध्या मजकुरात नव्हती. मग टॅबच्या जागी स्पेस. मग चूक कोणत्या जुन्या बदलातून आली ते सांगणारी ‘फिक्सेस’ची ओळच नव्हती. हे कोण शिकवणार? ज्याच्या बाजूच्या टेबलावर जाणता माणूस बसतो, त्याला चहा पिता पिता कळतं. मला चार महिने लागले.

आणि तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’. ही रीत २००४ ची. तेव्हा खरं नाव सक्तीचं होतं; २०२३ पासून ज्या नावानं ओळखतात ते चालतं, निनावी मात्र चालत नाही. माझा हात तिथंच थांबला. आडनाव ऐकल्यावर ऑफिसातले चेहरे कसे आवळतात, ते मी पाहिलेलं. अर्धा तास बसून राहिलो, राजेहो. मग लिहिलं. अख्खं.

उत्तर आलं: एरर झाली तर घेतलेली मेमरी तू सोडत नाहीस. आडनावावर अक्षर नाही. तिथं समता नांदते असं मी म्हणणार नाही. इंग्रजी आणि रात्रीचे मोकळे तास, दोन्ही आधी घरात असावे लागतात. पण मेमरी खरंच सुटत नव्हती, साला! चौथ्यांदा धाडला, तो घेतला.

लॅपटॉप दोन आहेत. एकाची बॅटरी गेली, वायर लावूनच चालतो. रविवारी दहाला इथंच, इंदोऱ्यात. कोड आधी मराठीत समजून घेऊ, ईमेल मिळून इंग्रजीत लिहू.