दोन कानांचे ऐकणे



शिक्षकाच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानासाठी मी ऐकण्याचा विषय निवडला, कारण शाळेत सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द ‘ऐका’ हाच असावा.

एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणाऱ्यास आपण नावे ठेवतो. निसर्गाने मात्र दुसऱ्या कानाकडे निराळेच काम सोपविले आहे. बाजूने आलेला ध्वनी जवळच्या कानाशी किंचित आधी व मोठा पोहोचतो. हे कालांतर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या ०.७ इतके, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवितो. जुन्या इंदुरातल्या अरुंद गल्लीत मागून दुचाकी आली, तर आपण मान न वळविता योग्य बाजूस सरतो. एकाच कानाने ऐकणाऱ्यास भोंगा ऐकू येतो, पण सरावे कोणीकडे हे उमगत नाही.

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेच्या केसपेशी नष्ट झाल्या, की आवाज वाढवून देणारे श्रवणयंत्र फारसे उपयोगी पडत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालते. कानामागील यंत्र ध्वनीचे संकेत बनविते, ते त्वचेतून आत जातात आणि नलिकेत बसविलेली विद्युदग्रे थेट श्रवणमज्जेस चेतवितात. पॅरिसमध्ये १९५७ साली याचा आरंभ झाला. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक विद्युदग्रांचे रोपण केले. दोन्ही कानांनी मिळून ऐकता यावे म्हणून जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे १९९६ साली दुहेरी रोपण झाले. आपल्याकडे हे शास्त्र रुजविणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रणी. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

तथापि भाबडेपणा नको. निसर्गाच्या सुमारे ३,५०० आंतरकेसपेशींचे काम येथे वीस-बावीस विद्युदग्रे करतात. बोलणे कळते, पण ज्या शहरात अमीर खाँसाहेबांचा सूर घडला, तेथे सांगावयास हवे, की सुरांची सूक्ष्मता बहुतांशी हरपते. दोन्ही कानांतील यंत्रेही सहसा आपापल्या गतीने चालतात. सूक्ष्म कालांतर निसटते, लहानमोठेपणाचा फरक तेवढा उरतो. तरी दिशा ढोबळमानाने कळते, आणि गोंगाटात ज्या बाजूस गलका कमी तो कान उपयोगी येतो.

जन्मतः बधिर बालकाच्या बाबतीत काळ थांबत नाही. पहिली तीन-साडेतीन वर्षे ध्वनीवाचून गेली, तर मेंदूतील श्रवणक्षेत्र अन्य कामांकडे वळू लागते. दोन कानांच्या रोपणांत अनेक वर्षे गेली, तर दुसरा कान मागेच राहतो. म्हणूनच ब्रिटनने २००९ मध्ये बालकांसाठी एकाच वेळी दोन्ही कानांची शिफारस केली. आपल्याकडील सरकारी मदत साधारणतः एका कानापुरती असते. हे मला अपुरे वाटते; पण निधी तुटपुंजाच असेल, तर दुसऱ्या कानाआधी पहिल्या कानाचे वाचाप्रशिक्षण आणि यंत्राच्या सुट्या भागांचा खर्च भागवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद पडलेले यंत्र कपाटात ठेवणाऱ्या आईबापांना दुहेरी रोपणाचे गुण ऐकविण्यात काय अर्थ?

शिवाय रोपण म्हणजे एकमेव वाट नव्हे. २०१५ साली पाकिस्तानातून परतलेली गीता याच इंदुरात राहिली. तिचे सारे म्हणणे खुणांच्या भाषेतून जगास कळले. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, आणि रोपण झालेल्या बालकासही रात्री यंत्र उतरविल्यावर तिचा आधार असतो.

वर्गातील गोष्ट साधी आहे. रोपण झालेला विद्यार्थी पुढच्या बाकावर, खडखडणाऱ्या पंख्यापासून दूर बसवावा. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मागच्या बाकावरील मुलाने उत्तर दिले, तर कोण बोलले ते नावानिशी सांगून उत्तर पुन्हा उच्चारावे; दोन्ही कानांत यंत्रे असली तरीही.