संकटकाळची हाक ऐकू यावी म्हणून

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आजचा विषय प्रथमदर्शनी मूठभर छंदी माणसांचा वाटेल. परंतु संकटकाळी गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध टिकविण्याशी तो निगडित आहे, म्हणून लोकांत राहून काम करणाऱ्या आपणासारख्या मंडळींपुढे तो मांडावासा वाटतो.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबार बेटांवर आदळल्या आणि बेटांमधील दळणवळण तुटले. त्या वेळी श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी रेडिओ केंद्र चालविण्यासाठी पोर्ट ब्लेअर येथे आलेले होते. छंदासाठी मांडलेले हे केंद्र मदतकार्याचे साधन बनले. बेटांवरील लोकांची खुशाली त्यांनी दूरवरच्या आप्तांपर्यंत पोहोचविली. १९९३ मध्ये किल्लारीला आणि २००१ मध्ये भूजला भूकंप झाला, तेव्हाही हौशी रेडिओचालक मदतीस धावले होते.

हे रेडिओचालक परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतात. त्यांना व्यापार करता येत नाही. आंतरराष्ट्रीय करारांनी त्यांच्यासाठी लघुलहरींतील काही अरुंद पट्टे राखून ठेवले आहेत. ३.५, ७, १४, २१ व २८ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे पट्टे त्यांत येतात. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परततात, त्यामुळे मधे एकही मनोरा नसताना हजारो किलोमीटरवर बोलणे होऊ शकते. मात्र दूरचा आवाज एरियलपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची पातळी बहुधा एका व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकीच उरते. तो ऐकू यायचा तर भोवताल शांत हवा.

अडचण कोठून येते?

आता दुसरी बाजू पाहू. दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात किंवा अनेक खोल्यांच्या शाळेत वायफाय सर्वत्र पोहोचत नाही. त्यावर उपाय म्हणून पॉवरलाइन अडॅप्टर नावाच्या लहान पेट्या बाजारात आल्या. एक पेटी इंटरनेटच्या यंत्राजवळ प्लगात लावावयाची, दुसरी दूरच्या खोलीत. मधली विजेची वायरिंगच माहिती वाहून नेते. नवी तार ओढावी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही. सोय खरोखरच मोठी आहे.

परंतु वायरिंग बनविली ती दर सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या विजेसाठी. अडॅप्टर तिच्यातून सुमारे २ ते ३० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेचे संकेत पाठवितो, म्हणजे नेमक्या लघुलहरींच्या प्रदेशातले. दूरध्वनीच्या केबलमध्ये दोन तारा एकमेकींना पीळ देऊन घातलेल्या असतात, त्यामुळे एकीतून बाहेर पडणारी लहर दुसरी बव्हंशी नाहीशी करते. विजेच्या वायरिंगला असा पीळ नसतो. बटणाकडे एकटीच तार जाते, फाटे फुटतात, लांबी कमी-अधिक होते. परिणामी घराची सारी वायरिंग नकळत एरियलचे काम करू लागते. शेजारच्या रेडिओचालकाच्या यंत्रात अखंड खरखर सुरू होते. कोणी इंटरनेट वापरीत नसले तरी काही अडॅप्टरांची टिकटिक चालूच राहते आणि तिच्याखाली दूरची हाक बुडून जाते.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये हा प्रश्न तीव्रपणे पुढे आला. २००८ च्या सुमारास तेथील एका मोठ्या दूरध्वनी कंपनीने दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घरातील दुसऱ्या खोलीत नेण्यासाठी ग्राहकांना असे अडॅप्टर दिले. हौशी रेडिओचालकांच्या तक्रारी ऑफकॉम या नियामक संस्थेकडे जाऊ लागल्या. बऱ्याच ठिकाणी अडॅप्टर बदलून किंवा केबल टाकून तक्रार मिटविण्यात आली. पण मुळात अशी यंत्रे विकता येतात काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१३ मध्ये या यंत्रांसाठी स्वतंत्र युरोपीय मानक आले. हौशी रेडिओचे पट्टे अडॅप्टरने वगळावेत, अशी अट त्यात घातली गेली. २०१६ मध्ये ब्रिटनने उपकरणांपासून होणाऱ्या व्यत्ययाविरुद्ध कारवाई करण्यासाठी नवे नियमही केले. तोपर्यंत असंख्य पेट्या घरोघर पोहोचल्या होत्या. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

यातून आशेची एक गोष्टही दिसते. उपाय अवघड नाही. अडॅप्टर आपले संकेत शेकडो लहान वाहकांत वाटून पाठवितो. त्यांपैकी हौशी पट्ट्यांत पडणारे वाहक बंद केले, की त्या जागी जणू खाच पडते. तेथील शक्ती सुमारे ३० डेसिबलने, म्हणजे हजार पटीने घटते. इंटरनेटच्या वेगात त्यामुळे थोडीच घट होते. होमप्लग पद्धतीच्या अडॅप्टरांत अशा खाचा प्रारंभापासून होत्या. शेजाऱ्याची सोय आणि रेडिओचालकाची शांतता, दोन्ही एकाच वेळी साधता येतात.

आपण काय करावे?

शाळा किंवा पंचायत कार्यालयासाठी खरेदी करताना शक्य तेथे साधी नेटवर्क केबलच टाकावी. ती वेगवान असते आणि व्यत्ययही फार कमी करते. अडॅप्टरच घ्यावयाचा असेल, तर त्याने हौशी रेडिओचे पट्टे वगळले आहेत की नाहीत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

एखाद्या रेडिओचालकाची तक्रार आली, तर तिला विक्षिपणा समजू नये. अडॅप्टर प्लगातून काढून पाहावा. नुसता संगणक बंद करून भागत नाही. खरखर थांबली तर कारण सापडले. न थांबली तर स्वस्त एलईडी दिवे, चार्जर वा सौर संचाचा इन्व्हर्टर यांकडे वळावे. रेडिओचालकानेही शेजाऱ्यावर दोषारोप करू नये. शेजाऱ्याने दुकानातून रीतसर वस्तू आणलेली असते आणि तिच्यातून काय बाहेर पडते हे त्याला दिसत नाही.

शिक्षकांना विशेष विनंती अशी की, हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. लघुलहरींचा साधा रेडिओ घेऊन शाळेत फिरले, की कोणते उपकरण किती खरखर करते हे मुलांना आपोआप कळते.

गावची विहीर सर्वांची असते. तिच्यात कोणी घाण टाकली तर पंचायत गप्प बसत नाही. आकाशातील लहरीही तशाच सामाईक आहेत, फक्त त्यांचे गढूळपण डोळ्यांना दिसत नाही. ज्या दिवशी मनोरे कोसळतील आणि वीज जाईल, त्या दिवशी गावातील अडॅप्टर आपोआप मुके होतील हे खरे. पण गावातून निघालेली हाक ऐकणारा माणूस शंभर कोसांवर, वीज चालू असलेल्या शहरात बसलेला असेल. त्याच्या शेजारी खरखर असेल, तर ती हाक त्याला ऐकू येणार नाही. आणि अशा वेळी ऐकता यावे म्हणून सराव करणारा माणूस रोजच्या खरखरीला कंटाळून छंद सोडून गेला, तर तो ऐनवेळी आणावयाचा कोठून? एवढा विचार आपण सर्वांनी करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.