वेळेला धावणारी तार

श्रोतेहो, तीन पिनांच्या प्लगकडे कधी नीट पाहिलंय? त्यातली वरची पिन थोडी लांब, थोडी जाड असते. ती अर्थिंगची. तिच्यातून एरवी वीज वाहत नाही. उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज आली, तर ती परत मुळाकडे न्यायची आणि ब्रेकर पाडून माणसाला वाचवायचं, एवढंच तिचं काम.

ही वीज जमिनीत जिरते, असा आपला समज असतो. पण अमेरिकेतला १२० व्होल्टचा पुरवठा आणि मातीचा २५ ओहमचा विरोध धरून पाहा. पाच अँपिअरसुद्धा वाहत नाहीत. तेवढ्याने वीस अँपिअरचा ब्रेकरही पडत नाही. तो पाडते ती पुरवठ्याच्या मुळापर्यंत परत जाणारी धातूची तार.

ही तार किती जाड हवी? तिकडच्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ने याचा बारकाईने विचार केला आहे. १८९७ साली निघालेली ही नियमावली आता दर तीन वर्षांनी सुधारली जाते. मोठ्या इमारतीत एकच जाडजूड केबल ओढणं, वळवणं जड जातं. म्हणून दोन केबली शेजारी टाकून दोन्ही टोकांना जोडतात. लांबी, धातू आणि जाडी सारखी असली की भार निम्मा-निम्मा वाटला जातो.

आता समजा, ब्रेकर चारशे अँपिअरचा आहे. नियमाप्रमाणे त्याला तीन नंबर गेजची तांब्याची अर्थिंग तार लागते. केबली दोन, म्हणजे प्रत्येकीला दोनशे अँपिअरच्या हिशेबाची सहा नंबरची बारीक तार पुरेल, असं कुणालाही वाटेल. वेगवेगळ्या पाइपांतून गेलेल्या केबलींना नियम हे नाकारतो. प्रत्येकीत पूर्ण तीन नंबरचीच तार हवी.

कारण साधं आहे. बिघाड बहुधा एकाच केबलीत होतो. तिथे वीज तिच्या स्वतःच्या तारेतून येते, शिवाय शेजारणीतून पलीकडच्या टोकाला जाऊन उलटीही येते. हा लोंढा प्रामुख्याने त्या एकाच अर्थिंग तारेवर पडतो. ब्रेकर मात्र चारशेचाच असतो. तो पडण्याआधी बारीक तार जळाली, तर धातूचं कपाट जिवंत राहतं आणि त्याला हात लावणारा कामगार दगावू शकतो.

रोजचा भार वाटून घेता येतो, श्रोतेहो. संकट मात्र वाटून येत नाही; ते एकाच्याच दारात पूर्ण वजनानिशी उभं राहतं. कवितेच्या वहीत रमणाऱ्या माझ्यासारख्याला हे त्या रूक्ष कोष्टकात सापडलं.

आपल्याकडे सॉकेटात बसत नाही म्हणून वरची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. दिवा लागतो, मिक्सर फिरतो, काहीच अडत नाही. अडतं ते एकाच दिवशी. तेव्हा वायरमन घरी आला, की दिवे लागले का, एवढंच विचारू नका. अर्थिंग शेवटपर्यंत जोडलेलं आहे का, हे तपासून घ्या.