शार्दोनेचें कूळ

फ्रान्समधील बर्गंडी प्रांताचीं उंची श्वेतमद्यें बहुधा शार्दोने नांवाच्या द्राक्षापासून होतात. शाब्ली, मर्सो, मोंराशे हीं सारीं त्याचींच रूपें. अशा द्राक्षाचें कूळहि थोर असणार, असें कोणासहि वाटेल. परंतु १९९९ सालीं आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हां त्याच्या जन्मदात्यांत एक मानाचें पिनो, तर दुसरें गुए ब्लां निघालें! गुए म्हणजे गरीब शेतकऱ्यांच्या आंबट मद्याचें द्राक्ष. हलकें म्हणून कित्येक ठिकाणीं त्याच्या लागवडीस मनाईहि झाली होती. आलिगोते हेंहि याच जोडप्याचें अपत्य. नदीचें मूळ व ऋषीचें कूळ विचारूं नये, असें आपण म्हणतों. शास्त्रज्ञांनीं तें विचारलें. त्यानें शार्दोनेची गोडी उणावली नाहीं, उपेक्षित गुएचें मोल मात्र वाढलें.