फी भरण्याआधी



बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून फीची चौकशी सुरू होते. गेल्या वर्षी शेजारच्या रिक्षावाल्याची मुलगी दारात उभी राहिली. म्हणाली, "चाचा, खासगी विद्यापीठात बी.कॉम.ला जागा मिळतेय. फी शिष्यवृत्तीतून निघेल ना?" पहिला हप्ता भरायला दोनच दिवस उरले होते.

श्रोतेहो, हा 'ना' फार महाग पडू शकतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राज्य सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या पात्र मुलींना २०२४ पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. पण या दोन्ही योजनांतून खासगी विद्यापीठे वगळलेली आहेत. महाविद्यालय आणि खासगी विद्यापीठ, दोन्हींच्या पाट्या आपल्याला सारख्याच दिसतात. पैशाचा हिशेब मात्र वेगळा असतो.

मग अशा ठिकाणी गरिबाच्या मुलाने जायचेच नाही का? आपल्या पुण्यातच पाहा. औंध रस्त्यावर स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. ख्रिस्ती मिशनची ही संस्था १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाली, पुढे बंगळूरला गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात आली. २०१४ च्या कायद्याने ती खासगी विद्यापीठ झाली. पुणेकरांना ती ठाऊक आहे तिथल्या बेकरीच्या पावामुळे. अभ्यासाबरोबर हाताने काम करणे हा तिथल्या शिक्षणाचाच भाग मानला गेला. विद्यार्थ्याने आवारात काम करावे आणि त्यातून फीचा भार हलका करावा, अशी ती परंपरा.

आपल्या मातीलाही हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि बहुजनांची पोरे श्रमाच्या बळावर शिकवली. त्यांच्याच नावाची 'कमवा व शिका' योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. खेड्यातून आलेल्या मुलामुलींच्या राहण्याजेवणाचा भार विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून उचलते आहे.

म्हणून त्या मुलीला मी चार प्रश्न कागदावर लिहून दिले. तीन वर्षांची एकूण फी किती, वसतिगृह आणि परीक्षा धरून? सवलत पहिल्याच वर्षी की दरवर्षी, आणि गुण घसरले तर काय? सवलत सर्वांना आहे की त्या मंडळीतल्या कुटुंबांनाच? काम मिळेल का, किती तास, आणि मोबदला हातात देणार की फीतून वळता करणार? उत्तरे लेखी घे, असे बजावले.

राहिले कर्ज. बँका चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. म्हणून आधी शिष्यवृत्ती, मग काम आणि उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज, हा क्रम धरावा.

मुलगी सारे ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "पण चाचा, काम करताना मैत्रिणींनी पाहिलं तर?"

मला माझे बी.ए.चे दिवस आठवले. कॉलेजच्या बागेत मी गवत काढायचो आणि वर्गातली मुले दिसली की मेंदीच्या कुंपणाआड बसायचो. पहिल्या महिन्याचे पैसे अब्बांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत. माझा तळहात उलटा करून फोड पाहिले आणि एवढेच म्हणाले, "उद्या फडकं बांधून जा." त्यानंतर मी कुंपणाआड बसलो नाही.

मुलीने कागदाची घडी घातली. हप्ता न भरताच ती आधी चौकशीला गेली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिला पटले नाही. आज ती अनुदानित महाविद्यालयात शिकते आणि दुपारी तिथल्याच ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरे घालते. परवा भेटली तेव्हा बोटांना डिंक लागलेला होता. तो तिने लपवला नाही.