एकच लेन्स की अनेक? : गावाची स्मृती जपणाऱ्या कॅमेऱ्याची निवड



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे अनेक विद्यार्थी आज येथे बसले आहेत. अशा सभेत कॅमेऱ्याविषयी बोलावे असा आग्रह संयोजकांनी का धरला, ते आधी सांगतो. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवून शाळेसाठी एक उत्तम कॅमेरा घेण्याचे ठरवले आहे. शाळेची जुनी हजेरीपत्रके, घरोघरच्या ट्रंकांतले मोडी कागद, ढासळू लागलेले वाडे, तंबाखूच्या वखारी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावातील वयोवृद्ध माणसे यांची टिकाऊ छायाचित्रे त्यावर घ्यावयाची आहेत. मात्र समितीत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, लेन्स कायमची जोडलेला सुटसुटीत कॅमेरा घ्यावा. दुसरा म्हणतो, लेन्स बदलता येणाराच घ्यावा. छायाचित्रण हाच माझा व्यवसाय असल्याने या वादात मी मत द्यावे, अशी दोन्ही पक्षांची इच्छा आहे.

वाद यंत्राचा असला, तरी त्यामागची घाई माणसांची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. त्यांतले तेव्हाचे तिशीतले तरुण आज पंचाहत्तरीला टेकले आहेत. ही माणसे आपल्या निर्णयाची फार काळ वाट पाहणार नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळू. छायाचित्रकार ज्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात, तो फिल्मच्या जमान्यात १२० क्रमांकाच्या रुंद रोलचा कॅमेरा होता. त्यावरील चौरस चित्राची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर असे. आजच्या डिजिटल मीडियम फॉरमॅटमधील बहुसंख्य कॅमेऱ्यांचा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटर, म्हणजे त्या जुन्या चौरसाच्या निम्म्याहूनही लहान आहे. तरीही ३६ बाय २४ मिलिमीटरच्या नेहमीच्या सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेदोनपट भरते. सुरकुत्या, कापडाची वीण, कागदावरची फिकट शाई असे बारकावे टिपण्यासाठी ही जास्तीची जागा उपयोगी पडते.

लेन्स एक असावी की अनेक, हा प्रश्नही नवा नाही. १९२९ साली जर्मनीत रोलायफ्लेक्स निघाला. त्याला एकावर एक अशा दोन लेन्स होत्या, वरची पाहण्यासाठी आणि खालची चित्र घेण्यासाठी. दोन्ही कायमच्या जोडलेल्या. याच घडणीचा जपानी याशिका आपल्याकडील अनेक स्टुडिओवाल्यांनी वर्षानुवर्षे वापरला. लग्नमंडपात छातीशी कॅमेरा धरून मान खाली घालून उभा असलेला छायाचित्रकार आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. होमाई व्यारावाला यांच्या हातीही रोलायफ्लेक्स होता. लेन्स बदलता येत नसल्यामुळे माणूस मोठा दिसायला हवा असेल, तर छायाचित्रकारालाच चार पावले पुढे जावे लागे.

दुसरी परंपराही तितकीच मातब्बर आहे. स्वीडनच्या हॅसलब्लाडने १९४८ साली लेन्स आणि फिल्मची पेटी दोन्ही बदलता येणारा कॅमेरा आणला. १९५७ साली आलेला त्यांचा ५००सी पुढे जगभरच्या स्टुडिओंत पोहोचला. जपानच्या मामियाने तर दोन लेन्सच्या कॅमेऱ्यातही लेन्सची जोडीच्या जोडी बदलण्याची सोय केली. या दोन्ही वाटांनी उत्तम कामे झाली आहेत, त्यामुळे कुठली वाट श्रेष्ठ हा वाद निष्फळ आहे.

आपल्यापासून जवळच असलेल्या कोल्हापूरचे उदाहरण घ्या. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चलच्चित्राचा देशी कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. आधी काम ठरले आणि मग त्या कामाजोगे यंत्र घडले. आपल्याला यंत्र घडवायचे नाही, निवडायचे आहे; पण क्रम तोच असावा.

आज बाजारात काय आहे? लेन्स बदलता येणारा, हाती धरून वापरण्याजोगा डिजिटल मीडियम फॉरमॅट २०१६ साली हॅसलब्लाडच्या एक्स१डीने आणि २०१७ साली फुजीफिल्मच्या जीएफएक्स ५०एसने रूढ केला. २०२४ साली आलेल्या जीएफएक्स १००एस टू या कॅमेऱ्यात १०२ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि हाताचा कंप सावरण्याची सोय देहातच आहे. लेन्सविना त्याचे वजन ८८३ ग्रॅम भरते. मार्च २०२५ मध्ये याच मालिकेत लेन्स कायमची जोडलेला पहिला कॅमेरा, जीएफएक्स १००आरएफ, आला. सेन्सर त्याच आकाराचा, १०२ मेगापिक्सेलचाच. त्यावर ३५ मिलिमीटर, एफ ४ ची लेन्स. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या भाषेत ती २८ मिलिमीटरची, म्हणजे बरीच रुंद दृष्टीची. लेन्ससकट वजन ७३५ ग्रॅम. अमेरिकेत जाहीर झाल्या तेव्हा दोघांच्या किमती जवळजवळ सारख्या, ४९९९ आणि ४८९९ डॉलर होत्या. फरक इतकाच, की पहिल्या किमतीत लेन्स धरलेली नाही.

कायम लेन्सच्या पक्षाचे म्हणणे मी आधी मांडतो, कारण ते वजनदार आहे. असा कॅमेरा गळ्यात अडकवून दिवसभर शिवारात फिरता येते. त्याचे शटर लेन्समध्येच असते; त्यामुळे आवाज नगण्य, आणि फ्लॅश वेगवान शटरबरोबरही चालतो. भर दुपारी अंगणात बसलेल्या आजींच्या डोळ्यांखालची काळी सावली फ्लॅशने उजळायची असेल, तर ही मोठी सोय आहे. जीएफएक्सच्या बदलत्या लेन्सच्या देहात शटर सेन्सरपुढे असते आणि साध्या फ्लॅशला एक सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाची मर्यादा पडते. हॅसलब्लाडने आपल्या एक्स मालिकेच्या प्रत्येक लेन्समध्ये शटर बसवून ही अडचण दूर केली आहे. परंतु मग प्रत्येक लेन्सबरोबर शटरचीही किंमत मोजावी लागते.

तिसरा मुद्दा धुळीचा. आपल्या भागात वखारीत पाऊल टाकले की तंबाखूची बारीक धूळ नाकात जाते. गुऱ्हाळाच्या दिवसांत राख उडते. लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो आणि त्यावर बसलेला एक कण पुढच्या प्रत्येक चित्रात डाग होऊन उतरतो. कायम लेन्समध्ये ही भीती फार कमी. मात्र १००आरएफलाही समोर जोडकडे आणि संरक्षक फिल्टर बसवल्यावरच धूळपाण्यापासून पुरते संरक्षण मिळते, हे विसरू नये.

आता हिशेब मांडू. वृद्ध माणसाचे मस्तक आणि खांदे, म्हणजे सुमारे साठ सेंटिमीटरचा भाग टिपायचा आहे. फार जवळ गेले तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो, म्हणून दोन मीटर दूर उभे राहू. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला दोन मीटरवर उभ्या चौकटीत सुमारे अडीच मीटर उंचीचे दृश्य दिसते. त्यातला साठ सेंटिमीटरचा भाग कापून घेतला, तर ११,६४८ पिक्सेलपैकी जेमतेम २,८०० उरतात. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर चित्र नऊ इंच उंचीचे होईल. पुस्तकात छापायला ते पुरे आहे. तेथेच ११० मिलिमीटरची लेन्स लावली, तर सेन्सरच्या उंचीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्या चेहऱ्याने भरतो आणि सुमारे अडीच फुटांचे चित्र निघते. म्हणजे चेहऱ्यांच्या बाबतीत कायम लेन्सचा कॅमेरा निरुपयोगी नाही. पण ज्या बारकाव्यासाठी आपण मोठ्या सेन्सरचे पैसे मोजतो, त्यातला बहुतेक भाग कापून टाकावा लागतो.

कागदांच्या बाबतीत निकाल अधिक स्पष्ट आहे. ए-फोर आकाराचा कागद चौकटीत पुरता बसवायचा, तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सला त्याच्या सव्वा वीत जवळ यावे लागते. कॅमेऱ्याची सावली कागदावर पडते आणि कडेची अक्षरे तिरप्या किरणांनी टिपली जातात. १२० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स हेच काम जवळजवळ एक मीटरवरून करते. दिवे दोन्ही बाजूंना नीट लावता येतात. अशा चित्रात इंचाला सुमारे एक हजार पिक्सेल येतात. दस्तऐवजांच्या उत्तम प्रतींसाठी चारशे पुरेसे मानतात. त्याच लेन्सने नऊ सेंटिमीटर रुंदीचा भागही पूर्ण चौकटीत घेता येतो, म्हणजे मोडी कागदावरचा शिक्का, त्यातले झिजलेले अक्षरसुद्धा, वाचण्याजोगे मोठे होते. शिवाय हीच लेन्स माणसांच्या चेहऱ्यांसाठीही उत्तम चालते.

आणखी एक गोष्ट आपल्या पावसाळ्याची. दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. कायम लेन्सला ती लागली, तर संपूर्ण कॅमेरा दुरुस्तीला जातो आणि काम थांबते. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात तेवढी लेन्स पाठवून दुसरीने काम चालू ठेवता येते. दहा वर्षांनी देह जुना झाला, तरी त्याच बैठकीचे नवे देह निघत असतील तोवर लेन्स पुढे वापरता येतात. शाळेच्या वस्तूला एक मालक नसतो. दरवर्षी नवे विद्यार्थी ती हाताळणार, म्हणून हा विचार व्यक्तीपेक्षा संस्थेला अधिक लागू पडतो.

तेव्हा माझे मत असे. आपल्यापैकी कोणी एकटा, पायी, स्वतःच्या आनंदासाठी गाव टिपणार असेल, तर त्याने निःशंकपणे कायम लेन्सचा कॅमेरा घ्यावा; ती मर्यादा त्याला पाहण्याची शिस्त लावील. शाळेने मात्र लेन्स बदलता येणारा घ्यावा आणि लेन्स दोनच घ्याव्यात: वाडे, वखारी आणि घरातील माणसांसाठी ५० मिलिमीटरची हलकी लेन्स, तसेच कागद आणि चेहऱ्यांसाठी १२० मिलिमीटरची मॅक्रो. तिसऱ्या लेन्सचा मोह दोन वर्षे तरी टाळावा. लेन्स बदलायची ती शाळेच्या बंद खोलीतच, वखारीत कधीही नाही. सकाळी निघताना आज माणसे की कागद हे ठरवावे आणि तीच लेन्स संध्याकाळपर्यंत ठेवावी. म्हणजे कायम लेन्सच्या पक्षाची शिस्त आपोआप पाळली जाईल. पावसाळ्यात दोन्ही लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात. निधी इतका जमला नाही, तर नेहमीच्या सेन्सरचा साधा कॅमेरा आणि एक मॅक्रो लेन्स घेऊन काम सुरू करावे. निधीसाठी माणसे थांबवून ठेवू नयेत.

शेवटी एक विनंती. छायाचित्र घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी. प्रत्येक चित्राबरोबर व्यक्तीचे नाव, ठिकाण, तारीख आणि टिपणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लिहावे, कारण उद्या ही चित्रे पाहणारी मुले दोन्ही लिप्या वाचत वाढतील. शंभर मेगापिक्सेलचा निनावी चेहरा नातवंडांच्याही उपयोगाचा नाही. एक प्रत शाळेत ठेवावी आणि दुसरी दूधगंगेपलीकडे, एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या घरी. दर वर्षी या व्याख्यानाच्या दिवशी दोन्ही प्रती उघडून तपासाव्यात.