रमाबाईंचे बरे होणे
(रेडिओवरील भाषण)



पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथलेच. रमाबाईंची विद्वत्ता, शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढची त्यांची साक्ष, त्यांच्या धर्मांतरावरून पेटलेला वाद, हे सारे आपण ऐकून आहोत. आज मी बोलणार आहे ते त्यांच्या दुःखाविषयी, आणि ते पेलताना ख्रिस्तावरच्या श्रद्धेने त्यांना काय दिले याविषयी.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबावर झाडपाला खाण्याची वेळ आली. शास्त्रे मुखोद्गत होती, पण अंगमेहनतीचे काम कधी केलेले नव्हते आणि हात पसरायची लाज वाटे. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पदरात तान्ही मुलगी मनोरमा, आणि रमाबाई अजून पंचविशीच्या आत.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहॅमला समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती जोगिणी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. ही माया येते कुठून, असे विचारल्यावर एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर येशू त्या बाईकडे पाणी मागतो. तिचे सारे आयुष्य त्याला ठाऊक आहे, तरी तो तिला कमी लेखत नाही. विधवा म्हणून जगाचे शेरे ऐकलेल्या रमाबाईंच्या मनाला ही गोष्ट भिडली.

तरीही मन एका दिवसात शांत झाले नाही. धर्म आपण स्वीकारला होता, पण ख्रिस्त सापडायला पुढे आणखी आठेक वर्षे लागली, असे त्यांनी १९०७ साली आपल्या श्रद्धेविषयीच्या साक्षीत मोकळेपणाने सांगितले आहे. एक प्रार्थना केली की जुने घाव भरून निघावेत, अशी घाई आपल्याला असते. एवढ्या मोठ्या विदुषीलाही ती वाट पाहावी लागली.

मग १८९६चा दुष्काळ आला. ज्या आठवणीकडे पाठ फिरवावी, तिच्याकडेच रमाबाई चालत गेल्या. मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्यांना अन्न दिले, अक्षर दिले आणि हाताला काम दिले: विणकाम, शेती, छापखाना, तेलघाणी. आईवडिलांना जे येत नव्हते, ते या प्रत्येक मुलीला आले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह मला दिसतो. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. आपले दुःख त्यांना नुसते विसरायचे नव्हते. त्यातून आलेली समज दुसऱ्याच्या उपयोगी पडली, आणि तिथेच त्या सावरल्या असे मला वाटते.

दुःख पुढेही चुकले नाही. १९२१ साली मनोरमा गेली. तेव्हाही रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराचे काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या घरात, शेजारी, मंडळीत असे आतून मोडलेले कोणी असेल. त्यांना ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे ऐकवू नका. त्यांचे ऐकून घ्या. गरज असेल तर डॉक्टरांकडे त्यांच्या सोबत जा. उभारी येईल तसे त्यांना जमेल ते काम द्या, आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ लागू द्या. त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्याला एवढे तरी करता यायला हवे.